पक्षी निरीक्षणाच्या फेरीला येणारी माणसे टिकत नाहीत. मंडळाने वर्षभराचे कार्यक्रम कसे आखावेत?

बाभूळबन

सर्वांना नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी येवल्यात आम्ही दहा-बारा जणांनी मिळून एक लहानसे निसर्ग मंडळ सुरू केले. मंडळाला कार्यालय नाही आणि निधीही नाही. एका सभासदाच्या पैठणीच्या दुकानावरील माडीत आम्ही महिन्यातून एकदा जमतो, कोणाला काय दिसले ते एकमेकांना सांगतो आणि जमेल तेव्हा पक्षी पाहायला बाहेर पडतो. हा आनंद आपल्यापुरता ठेवू नये, गावातील सर्वांसाठी कार्यक्रम घ्यावेत असे गेल्या वर्षी आम्ही ठरवले. त्यात जो अनुभव आला तो येथे मांडतो आणि ज्यांनी अशी मंडळे अनेक वर्षे चालवली आहेत त्यांचा सल्ला मागतो.

पहिली फेरी डिसेंबरमध्ये नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेली. पंचवीस माणसे येतील असे वाटले होते, प्रत्यक्षात ६३ आली आणि दोन बसगाड्या कराव्या लागल्या. सगळ्यांना गोळा करून निघेपर्यंत उशीर झाला, त्यामुळे आम्ही साडेनऊला पोहोचलो. तोवर ऊन चढले होते आणि बदके पाण्याच्या मध्यभागी जाऊन बसली होती. टेलिस्कोप एकच होता. त्याच्यापुढे रांग लागली आणि मुलांच्या वाट्याला प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद आले. बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, "रोहित कुठे आहेत?" त्या दिवशी रोहित पक्षी नव्हते. पुढच्या महिन्यात ममदापूरच्या माळावर फेरी ठेवली तेव्हा ११ जण आले आणि फेब्रुवारीत पाच, त्यांतले चार मंडळाचेच सभासद.

ममदापूरला आणखी एक गोष्ट घडली, ती मनाला लागून राहिली आहे. धाविक पक्ष्यांची एक जोडी दिसल्यावर आमच्याबरोबरचे दोन छायाचित्रकार गटाला मागे ठेवून पुढे चालत गेले आणि जोडी उडून दुसरीकडे बसली की पुन्हा तिच्या मागे गेले. असे तीन-चार वेळा झाले. त्यांना थांबवावे असे मला वाटत होते, पण ते वयाने मोठे असल्यामुळे आणि आमचे कोणतेही नियम ठरलेले नसल्यामुळे माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

आमच्यात तज्ज्ञ कोणी नाही. तीन जणांना शंभरएक पक्षी खात्रीने ओळखता येतात, एवढेच आमचे भांडवल. एका फेरीत किती माणसे असावीत, दूरच्या प्रसिद्ध ठिकाणी जावे की जवळपास, मुलांसाठी वेगळे कार्यक्रम असावेत का, शुल्क घ्यावे का आणि छायाचित्रकारांना कोणत्या अटी घालाव्यात, हे माझे प्रश्न आहेत. लोक एकदा येऊन पुन्हा का येत नाहीत, हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा.

गोदाकाठ

बाभूळबन, तुमचे पत्र वाचून आमच्या मंडळाची पहिली वर्षे आठवली. मी निफाड भागातला. गेली वीस-बावीस वर्षे फेऱ्या नेत आहे आणि तुम्ही सांगितलेली प्रत्येक चूक आम्ही केलेली आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरे त्यातच आहेत. तुम्ही लोकांना एक देखावा दाखवायला नेले. देखावा दिसला तर तो पाहून झालेला असतो आणि दिसला नाही तर फसवणूक झाल्यासारखे वाटते. दोन्ही बाबतींत परत येण्याचे कारण उरत नाही. माणूस परत येतो तो पुढे काय झाले हे कळावे म्हणून, आणि "पुढे" हा शब्द उच्चारायचा तर जागा तीच असावी लागते. म्हणून माझा सल्ला असा की नांदूरला वर्षातून एकदा जा आणि गावाजवळच्या एखाद्या तळ्यावर वर्षातून बारा वेळा जा. पालखेड कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे ठरावीक काळाने सुटणाऱ्या पाण्यावर, भरणारा साठवण तलाव तुमच्याकडे असेल, एखादा पाझर तलाव असेल, काही नसेल तर बाभळी आणि विहीर असलेला ओढ्याचा काठ चालेल.

साध्या तळ्यावर बारा महिने काय पाहायचे, असा प्रश्न सभासद विचारतील. ऑगस्टच्या अखेरीस पाहुण्यांची पहिली तुकडी येते, ती बदकांची नसते. ठिपकेवाली तुतारी आणि धोबी चिखलाच्या कडेने शेपटी हलवत फिरू लागले की हिवाळी स्थलांतर सुरू झाले असे समजावे, मग आपल्याला घामाच्या धारा लागलेल्या का असेनात. बदके त्यानंतर सावकाश येतात आणि डिसेंबर-जानेवारीत थापट्या, तलवार बदक, चक्रवाक वगैरेंची गर्दी होते. मार्चमध्ये तेच पिवळे धोबी पुन्हा नीट पाहा. हिवाळाभर मळकट दिसलेल्या नरांच्या अंगावर परतीच्या तोंडावर झळझळीत पिवळा रंग चढलेला असतो, आणि ज्याने त्यांना नोव्हेंबरात पाहिले आहे त्यालाच त्या बदलाचे नवल वाटते. उन्हाळ्यात वंचकाच्या, म्हणजे ढोकरीच्या, पाठीवर तपकिरी-लाल पिसे येतात. पावसाळ्यात तळ्यावर कमळाची किंवा शिंगाड्याची पाने असतील तर लांब शेपटीचा कमळपक्षी येतो, आणि त्याची अंडी उबवण्याचे व पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो, हे प्रत्यक्ष पाहिलेली माणसे वर्षानुवर्षे ते इतरांना सांगत राहतात. आमच्या मंडळातील निम्मे जुने सभासद त्या एका नरामुळे टिकले, असे म्हणायला हरकत नाही.

संख्येबद्दल सांगायचे तर एका जाणकारामागे १२ ते १५ माणसांपेक्षा जास्त घेऊ नका. तुमच्याकडे तिघे आहेत, म्हणजे तीन गट, तीन वेगळ्या दिशा आणि शेवटी एकत्र नाश्ता. नावे आधी नोंदवून घ्या आणि संख्या भरली की पुढच्या महिन्याची तारीख द्या. नकार दिल्याने लोक दुरावतात अशी भीती आम्हालाही वाटत होती, ती खोटी ठरली. सूर्योदयाला तळ्यावर असायला हवे आणि तेही पूर्वेच्या काठावर, म्हणजे प्रकाश पाठीमागून येतो आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. पश्चिमेच्या काठावरून सकाळी फक्त काळ्या आकृत्या दिसतात, आणि नवख्या माणसाला काळी आकृती पाहून आनंद होत नाही.

आता नोंदींबद्दल, कारण मंडळाचा कणा तोच आहे. प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, जागा, हवामान, पाण्याची स्थिती आणि दिसलेली प्रत्येक जात व तिची संख्या एका वहीत लिहा आणि मग ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. "खूप" हा शब्द वहीत येऊ देऊ नका. थव्यातले दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढा घास डोळ्यांत बसवायचा आणि असे किती घास होतात ते पाहायचे. महिन्या-दोन महिन्यांत नजर तयार होते. ज्या दिवशी काहीच दिसले नाही त्या दिवसाचीही नोंद करा. आमच्या भागातील एका तळ्यावर आम्ही सलग नऊ हिवाळे आणि पावसाळे नोंदी ठेवल्या होत्या. तळ्यातील पाणकणीस जुलैत काढण्याचे ठरले तेव्हा जांभळ्या पाणकोंबड्या आणि पाणडुबक्या त्या काळात तेथेच घरटी करतात हे आम्ही वही उघडून दाखवले. कोणाशीही भांडण न होता ते काम पुढे ढकलले गेले. आमच्याकडे केवळ तळमळ असती आणि वही नसती, तर आमचे कोणी ऐकले नसते.

मोठ्या गणनांशी तुमची वही जोडता येते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते, तिच्यात भारतातील निरीक्षक २०१३ पासून भाग घेत आहेत. तिच्यासाठी एका जागी किमान १५ मिनिटे थांबून दिसेल ते मोजले तरी पुरते. आजी-आजोबांना गच्चीवरून भाग घेता येईल असा तो कार्यक्रम आहे.

नांदूरविषयी थोडे, कारण रोहितांची अपेक्षा घेऊन पुन्हा लोक येतीलच. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणी, बेटे आणि दाट पाणवनस्पती तयार झाल्या, आणि गोदावरी व कादवेच्या संगमावरची ही जागा पक्ष्यांना मानवली. १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१९ मध्ये ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. पण मुळात तो सिंचनाचा बंधारा आहे, तेथून कालवे निघतात. वरच्या धरणांतून आवर्तन सुटले की पातळी वाढते आणि उथळ पाण्यात चालून खाणारे पक्षी दुसरीकडे जातात; पातळी उतरली की चिखल उघडा पडतो आणि तेच पक्षी परत येतात. म्हणून जाण्याच्या दोन दिवस आधी चापडगावच्या बाजूला स्थानिक मार्गदर्शकांकडे पाण्याची चौकशी करावी आणि त्यांनाच बरोबर घ्यावे. रोहित दिसतीलच असे आश्वासन मात्र कधीही, कोणालाही देऊ नये.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गोदाकाठ सरांनी मोठ्यांबद्दल लिहिले आहे, मी मुलांबद्दल लिहिते. त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम हवाच, आणि तो मोठ्यांच्या कार्यक्रमाची लहान आवृत्ती असू नये.

माझा सर्वांत यशस्वी उपक्रम पावसाळ्यातला आहे. आमच्या शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींची वसाहत असते. ऑगस्टमध्ये सलग चार शनिवारी आम्ही तेथे जातो. विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर दोरी बांधते आणि तिच्या पुढे कोणालाही, अगदी पालकांनाही, जाऊ देत नाही. पहिल्या शनिवारी मुले फक्त घरटी मोजतात आणि चित्र काढतात. दुसऱ्या शनिवारी त्यांच्या लक्षात येते की काही घरटी अर्धीच आहेत, उलट्या टोपीसारखी, आणि पिवळ्या डोक्याचे नर त्यांना लोंबकळून पंख फडफडवत आहेत. तिसऱ्या शनिवारी कोणीतरी विचारते की काही टोप्या पूर्ण झाल्या आणि काही तशाच का राहिल्या. मग मी सांगते की विणकाम नर करतो, अर्ध्या घरट्यावर मादी येऊन पाहणी करते, तिला पसंत पडले तर नर नळी विणून घरटे पुरे करतो आणि नाही पडले तर ते तसेच राहते. हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर तो एक धडा झाला असता. तीन आठवडे वाट पाहिल्यानंतर मुलांना ते हवेहवेसे वाटते.

म्हणून माझी विनंती आहे की पक्ष्याचे नाव सांगण्याची घाई करू नका. पक्षी दिसला की जाणकार माणूस चटकन नाव सांगतो आणि पाहणारा पाहायचा थांबतो. आधी त्याला विचारा की चोच कशी आहे, तो जमिनीवर चालतो की उड्या मारतो, शेपटी हलवतो का, एकटा आहे की जोडीने. नाव शेवटी सांगितले तरी चालते.

नावांचेच निघाले म्हणून लिहिते. मुलांना घरी पाठवा आणि आजीला विचारून यायला सांगा. भारद्वाजाला कुकुडकोंबा, खंड्याला धीवर, कोतवालाला घोशा, अशी नावे वर्गात येतात आणि त्यांच्यामागून गोष्टीही येतात. पावशा "पेर्ते व्हा" म्हणतो हे सगळ्यांना ठाऊक असते, पण तो प्रत्यक्ष कसा दिसतो हे फार थोड्यांना माहीत असते. कुहू कुहू गाणारा तो नर, म्हणजे कोकिळ, आणि ठिपक्यांच्या अंगाची मादी वेगळीच दिसते, हे ऐकल्यावर तर मोठी माणसेही थबकतात. शाळांसाठी एक सोयीचा काळ म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह. राज्य शासनाने तो २०२० मध्ये जाहीर केला. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोन तारखांमधला तो आठवडा आहे. त्या वेळी तुमचे मंडळ शाळांकडे गेले तर मुख्याध्यापक आनंदाने वेळ देतील.

दुर्बिणीबद्दल एक व्यावहारिक सूचना. मुलांच्या हाती दुर्बीण दिल्यावर पहिली पंधरा मिनिटे फक्त विजेच्या खांबावरची चिनीमातीची गुंडी शोधायला लावा. नजर वस्तूवर खिळवून, मान न हलवता, दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, ही एकच सवय लागली की पुढे पक्षी सापडू लागतो. खरेदी करणार असाल तर ८ पट मोठे दाखवणाऱ्या आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचे असलेल्या दुर्बिणी घ्या. १० पटीच्या दुर्बिणीत लहान हात हलले की सगळेच हलते.

टिटवी

मी सोलापूरची आहे, त्यामुळे माळरानाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. नान्नजच्या माळावर माळढोक पाहिलेल्या पिढीतली मी आहे. तो आता आमच्याकडे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. म्हणून ममदापूरच्या धाविकांची हकिकत वाचून वाईट वाटले, पण आपण ती लपवली नाहीत याबद्दल आपले आभार मानते.

माळावर फेरी नेणे तळ्यापेक्षा कठीण असते, कारण तेथे आपल्यात आणि पक्ष्यात पाणी नसते. धाविक, माळटिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. धाविकाला तर घरटे असे नसतेच, उघड्या मातीत किंवा खड्यांत अंडी असतात आणि ती मातीच्याच रंगाची असतात. उडवून लावलेला पक्षी ऊन चढल्यावर अंड्यांवर परत आला नाही तर ती तापून निकामी होतात. म्हणून मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत पायवाट सोडून एकही पाऊल टाकू नये, आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की आपण तिच्या घराच्या फार जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे. धाविक पाहायचा तर वाटेवर बसून राहावे. तो पळतो, थांबतो, चोच मारतो, पुन्हा पळतो. माणसे शांत बसली तर तो स्वतःच पुष्कळ जवळ येतो.

हिवाळ्यात माळावर भोवत्या येतात. मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून हजारो किलोमीटर उडत आलेले हे शिकारी पक्षी दिवसभर गवताच्या अगदी जवळून उडत टोळ आणि उंदीर शोधतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. या रातथाऱ्याची जागा आपल्याला सापडली तर ते मंडळाचे भाग्य समजावे, आणि ती जागा कोणालाही सांगू नये. तिन्हीसांजेला तीस-चाळीस भोवत्या एकामागून एक गवतात उतरताना मी पाहिल्या आहेत. त्या दृश्याचे वर्णन मला करता येत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात तेथे तीन मोटारी दिवे लावून आल्या आणि त्यानंतर त्या हिवाळ्यात भोवत्या तेथे उतरल्या नाहीत.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याची पद्धत मंडळाने पहिल्या दिवसापासून बंद ठेवावी. नराला वाटते की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला आहे, म्हणून तो खाणे आणि पिल्ले सोडून शोधत फिरतो. विणीच्या दिवसांत हे रोज कोणी ना कोणी केले तर त्याचे काय होत असेल, याचा विचार करावा.

छायाप्रकाश

मी पक्ष्यांची छायाचित्रे काढतो, म्हणून माझ्या बाजूनेही थोडे लिहितो. टिटवीताईंनी जे लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे आणि ममदापूरला जे झाले त्याचे समर्थन होऊ शकत नाही. तरीही छायाचित्रकारांना मंडळाबाहेर ठेवू नका. भोवत्यांच्या वेगवेगळ्या जातींच्या माद्या आणि वयात न आलेले पक्षी एकमेकांसारखे दिसतात, त्यांची जात अनेकदा छायाचित्रातील पंखांच्या टोकाची बोटांसारखी पिसे आणि मानेवरील पट्टा पाहूनच ठरते. तुमच्या तीन जाणकारांना शंकेच्या वेळी आमचा कॅमेराच उपयोगी पडेल.

आमच्याकडे दोन नियम आहेत आणि नाव नोंदवतानाच ते वाचून सही घेतली जाते. गटप्रमुखाच्या पुढे कोणीही जाणार नाही, आणि घरट्याचे छायाचित्र काढले जाणार नाही. दुसऱ्या नियमावर पूर्वी वाद होत असत. चांगल्या चित्रासाठी आडवी येणारी एखादी फांदी वाकवली की ते घरटे उन्हाला आणि कावळ्यांना उघडे होते, हे एका सभासदाने आपल्या स्वतःच्या अनुभवातून सांगितल्यावर वाद थांबला. छायाचित्रकारांसाठी महिन्यातून एक वेगळी सकाळ ठेवा, त्यात चारच माणसे न्या आणि एका जागी दोन तास बसा. सर्वसाधारण फेरीत त्यांची घाई आणि इतरांची गर्दी एकमेकांना त्रास देते.

एक प्रश्न मात्र मला टिटवीताई आणि गोदाकाठ सर या दोघांना विचारायचा आहे. एक म्हणतात की सर्व नोंदी ई-बर्डवर भरा, दुसऱ्या म्हणतात की जागा सांगू नका. मंडळाने नेमके काय करावे?

गोदाकाठ

प्रश्न योग्य आहे. तळ्यावरील नोंदी मोकळेपणाने भराव्यात, कारण तळे सर्वांना माहीत असते आणि तेथील आकड्यांचा उपयोग ते उघड असण्यातच आहे. काही संवेदनशील जातींची ठिकाणे ई-बर्ड आपण होऊन झाकते, पण प्रत्येक जातीला ते संरक्षण मिळत नाही. म्हणून रातथारा, शिकारी पक्ष्याचे घरटे किंवा घुबडाची ढोली यांची नोंद आमच्या वहीत होते, वनविभागाला कळवली जाते आणि संकेतस्थळावर हंगाम संपल्यावर भरली जाते. उशिरा भरलेली नोंद अभ्यासाला तेवढीच उपयोगी असते.

टिटवी

हे मला मान्य आहे. फक्त मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही हाच नियम लावावा. जागा फुटते ती बहुधा तेथून, आणि उत्साहाच्या भरात फुटते.

आसारी

मी मूळचा येवल्याचा, नोकरीनिमित्त पुण्यात असतो, पण संक्रांतीला गावी आल्याशिवाय राहत नाही. टोपणनावावरून गावकऱ्यांनी ओळखले असेलच. बाभूळबन, तुमच्या गावात असा एक कार्यक्रम होऊ शकतो जो दुसऱ्या कोणत्याही मंडळाला इतका शोभणार नाही, आणि तो तुमच्या यादीत दिसला नाही.

भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस आपले गाव गच्चीवर असते. मी स्वतः लहानपणापासून आसारीवर, म्हणजे पतंगाच्या फिरकीवर, मांजा गुंडाळत आलो आहे आणि त्या खेळावर माझे मनापासून प्रेम आहे. परंतु करीच्या दुसऱ्या दिवसापासून झाडांवर आणि तारांवर जो मांजा लोंबत राहतो तो पुढे कित्येक महिने पक्ष्यांचे पाय आणि पंख कापत असतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो अजून दिसतो आणि तो कुजत नाही. संध्याकाळी थव्याने परतणारे बगळे, रात्री उडणारी घुबडे आणि वटवाघळे त्यात सर्वाधिक अडकलेली मी पाहिली आहेत. चार वर्षांपूर्वी आमच्या वाड्यातील चिंचेवर एक गव्हाणी घुबड पंखाला मांजा अडकून रात्रभर लोंबत होते. सकाळी आम्ही त्याला उतरवले तेव्हा ते जिवंत होते, दुपारी गेले. त्या वर्षीपासून मी नायलॉन मांजा हातात धरलेला नाही.

मंडळाने करीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीगल्लीतून मांजा गोळा करण्याची फेरी काढावी. लांब बांबूला आकडी बांधून झाडावरचा मांजा मुले सहज काढतात. विजेच्या तारांवरचा मांजा मात्र कोणीही काढू नये, त्यासाठी महावितरणला कळवावे. अडकलेला पक्षी दिसला तर मांजा ओढू नये, ओढल्याने जखम खोल जाते. तो दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा, पक्ष्यावर सुती कापड टाकून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पतंग उडवणाऱ्यांना दोष देत फिरलात तर गाव तुमच्या विरोधात जाईल. पतंग उडवणारेच या फेरीत पुढे असले पाहिजेत, आणि त्यासाठी मी पाच-सहा नामांकित पतंगबाजांशी बोलायला तयार आहे.

शुल्काबद्दलही एक वाक्य लिहितो. जवळच्या फेऱ्या विनामूल्य ठेवा, बसच्या फेरीचा खर्च समान वाटून घ्या आणि उरलेल्या पैशांचा हिशेब त्याच रात्री गटावर टाका.

बाभूळबन

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल माडीवर बसून आम्ही हे सर्व मोठ्याने वाचले आणि बऱ्याच गोष्टी तेथेच ठरवल्या.

गावाबाहेरचा साठवण तलाव आम्ही आमचे तळे म्हणून निवडला आहे आणि प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दिसो वा न दिसो, तेथे जायचे आहे. तीन जाणकारांमागे प्रत्येकी १२ जणांचे तीन गट असतील. मुलांचा कार्यक्रम सुगरणींपासून सुरू होईल आणि त्यासाठी मळ्यातली एक विहीर एका सभासदाने सुचवली आहे. खडूफळा ताई, दोरी पंधरा पावलांवर बांधण्याची जबाबदारी मी स्वतः घेतली आहे. छायाप्रकाश यांनी सांगितलेले दोन्ही नियम आम्ही जसेच्या तसे स्वीकारले आणि त्यात मोबाइलवर आवाज न वाजवण्याचा तिसरा नियम जोडला. ममदापूरला आलेल्या त्या दोन ज्येष्ठ छायाचित्रकारांना मी भेटून आलो. मी संकोचत बोललो, पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. धाविक जमिनीवर अंडी घालतो हे त्यांतील एकाला ठाऊक नव्हते आणि ते कळल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटले. पुढच्या फेरीत मांजाची आकडी बनवून देण्याचे काम त्यांनी आपण होऊन मागून घेतले आहे.

आसारी दादा, संक्रांतीच्या आठ दिवस आधी आपण गावी येऊ शकाल का? पतंगबाजांची बैठक आपल्या उपस्थितीत व्हावी, अशी सर्वांची इच्छा आहे.

गोदाकाठ सरांना एक शंका विचारायची आहे. आमच्या तलावाच्या पूर्वेच्या काठावर दाट वेड्या बाभळी आहेत आणि तेथून पाणी दिसत नाही. मोकळा काठ फक्त दक्षिणेला आहे. सकाळी तेथून पाहिले तर चालेल का?

गोदाकाठ

दक्षिणेचा काठ उत्तम. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड करून उभे राहिलात तर सकाळभर प्रकाश बाजूने किंवा पाठीमागूनच मिळेल. बाभळी तोडून पूर्वेचा काठ मोकळा करण्याचा विचार मात्र मनात आणू नका. त्या झाडीत रात्री ढोकरी आणि पाणकावळे मुक्कामाला येत असण्याची बरीच शक्यता आहे. एका संध्याकाळी दिवस मावळायच्या अर्धा तास आधी दक्षिणेला बसा, येणारे पक्षी दहा-दहाच्या घासांनी मोजा आणि आकडा येथे कळवा.